तात्यांचा नाव असलेला रोल

नोव्हेंबर अर्धा सरला की इथे आखातात, अल गराफातल्या आमच्या कंपाउंडमध्ये दोन गोष्टी बाहेर निघतात. कपाटातल्या रजया आणि मायदेशातले आईवडील. दोघांनाही आधी ऊन दाखवायचं, मग चार महिने वापरायचं, आणि मार्चमध्ये चटका बसायला लागला की नीट घडी घालून परत पाठवायचं. रजया माळ्यावर जातात, आईवडील विमानात बसतात.

यंदाही तसंच झालं. एका सकाळी ह्यांनी एसी बंद केला आणि घर एकदम गप्प झालं. इतके महिने ती घरघर कानात बसलेली असते, त्यामुळे ती थांबली की आपल्यालाच बहिरेपण आलं की काय असं वाटतं. मग हळूहळू एकेक आवाज यायला लागतो. पाचोळा उडवायचं ते कर्कश यंत्र, शाळेच्या बसचा हॉर्न, दुपारची बांग, पलीकडच्या व्हिलातला मुलगा पियानोवर रोज अडखळतो ती एकच जागा. खिडकी उघडली तर चौकटीत बोटभर रेती. पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच. इतकी वर्षं पुसतेय बाई मी! या देशातली निम्मी रेती माझ्या फडक्यातून गेली असेल.

एरवी या दिवसांत माझ्या अंगात वारं शिरायचं. मंडळाचा कार्यक्रम, मिसळीचा स्टॉल, अल मन्सूराला जाऊन अळूची पानं कुठल्या दुकानात आलीत ते हुडकणं, भारतातून आलेल्या पाहुण्यांना बाजार दाखवून आणणं. यंदा कशातच जीव नाही. दमले मी. काय केलंस म्हणून दमलीस, असं कोणी विचारलं तर सांगता यायचं नाही, पण दमले. ह्यांचं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपतंय. खलास. मग नाशिक. आमच्या ह्यांना सगळं कागदावर लागतं. तिकीट फोनमध्ये असतं हे त्यांना अजून पटलेलं नाही. त्यामुळे दोघांची तिकिटं ऑफिसातून छापून आणून त्यांनी फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवली आहेत. फक्त जायची. आजवर या घरात जायचं-यायचं असंच तिकीट आलं. आता दूध काढायला गेलं तरी ते दिसतं, विरजण ठेवायला गेलं तरी दिसतं. आणि शुक्रवारी टोरांटोहून लेकाचा फोन येतो. "बट आई, हाऊ विल यू टू मॅनेज देअर अलोन?" मराठी सगळं कळतं त्याला, बोलायचं मात्र इंग्रजीत. मी म्हणते, "बघू रे." आणि फोन ठेवल्यावर आम्ही दोघं बराच वेळ टीव्हीकडे बघत बसतो.

अशा वेळी मला तात्या आठवतात.

तात्या म्हणजे कोणी आमच्या नाशिकचे नव्हेत, पोलंडचे. खरं नाव तादेउश. रोज एवढं कोण म्हणणार, म्हणून पहिल्याच आठवड्यात मी त्यांचं तात्या करून टाकलं आणि त्यांनीही ते मुकाट्यानं घेतलं. आमच्या शेजारच्या व्हिलात एवा राहते, इथल्या एका शाळेत विज्ञान शिकवते, तिचे हे वडील. त्यांची बायको गेली आणि म्हातारा तिकडच्या थंडीत एकटा कुढत बसेल म्हणून गेल्या हिवाळ्यात एवा त्यांना इथे घेऊन आली.

कंपाउंडच्या मधोमध एक बोरीचं झाड आहे. इथले लोक त्याला सिद्र म्हणतात, पण बोर ती बोरच. तिच्याखालच्या बाकांवर हिवाळ्यात सगळ्या देशांचे आईवडील येऊन बसतात. दुपार कलली की मी थर्मासभर चहा घेऊन तिथे जाते. सासूबाई यायच्या तेव्हा त्यांच्यासाठी सुरू केलं होतं. त्या गेल्या, थर्मास राहिला. मल्याळी अम्मा असतात, लेबनॉनचे एक आजोबा असतात. कोणाची भाषा कोणाला कळत नाही, चहा सगळ्यांना कळतो. हे मला चिडवतात, "तू या बाकांची अंगणवाडीची बाई. तीही बिनपगारी."

तात्या पहिल्या दिवशी आले ते डोक्यावर टोपी, हातात काठी, आणि एकेका बाकावर बसून उठून पुन्हा दुसऱ्यावर बसत. मला वाटलं, म्हातारा भलताच चिकित्सक दिसतोय. नंतर कळलं की उजेड कुठून पडतो ते बघत होते. सवय, दुसरं काय.

"तुम्ही काय काम करायचात?" मी चहा ओतता ओतता विचारलं.

"नट."

"हिरो?" आपण भारतीय माणसं दुसरं काय विचारणार!

त्यांनी मान हलवली. "हिरोला दार उघडून देणारा."

त्यांचं इंग्रजी मोडकं आणि माझंही काही फार धड नाही. पण दोन मोडकी इंग्रजी एकमेकांना बरी समजतात, तिसरा चांगलं इंग्रजी बोलणारा मधे आला की घोटाळा होतो. त्यामुळे एवा नसताना आमचं उत्तम चालायचं. इथे मी सगळं मराठीतच सांगते, तुम्हीही तसंच ऐका.

कोळशाच्या खाणींच्या एका गावात लहानसं नाटकघर होतं, तिथे ते उमेदीची सगळी वर्षं होते. संध्याकाळी नाटक, आणि दिवसा आगगाडीनं मोठ्या शहरात जाऊन सिनेमातलं एखादं काम. जुन्या राजवटीत त्यांना पोलीस करायचे. कधी दुसरा पोलीस, कधी तिसरा. पहिला कधीच नाही. मग राजवट बदलली, सिनेमे बदलले आणि तोच चेहरा पाद्री म्हणून चालायला लागला. "टोपी बदलली, डोकं तेच," तात्या म्हणाले. मग टीव्हीवर मालिका आल्या. त्यात ते रांगेतला माणूस झाले, ट्राममधला कंडक्टर झाले, दवाखान्यात हिरोच्या शेजारी खोकणारा पेशंट झाले. एका पोलिसी मालिकेत प्रेत झाले, दिवसभर गारढोण टेबलावर पडून. असं प्रेत आजवर पाहिलं नाही म्हणून दिग्दर्शकानं सगळ्यांसमोर पाठ थोपटली. हे घरी येऊन बायकोला मोठ्या अभिमानानं सांगितलं, तर ती म्हणाली, तुम्हाला इतकं पडून राहता येतं हे मला लग्न झाल्यापासून ठाऊक आहे.

हे सांगताना तात्या इतके हसले की त्यांना ठसका लागला.

रस्त्यात लोक ओळखायचे ते फक्त एका जाहिरातीमुळे. गुडघ्याला लावायच्या मलमाची जाहिरात. बायका थांबवून विचारायच्या, आता गुडघा कसा आहे? एवढी वर्षं रंग लावला आणि लोकांना लक्षात राहिला तो गुडघा! मला हसू आवरेना. पण घरी येऊन भाकरी थापताना वाटलं, यात हसण्यासारखं काय आहे? मलाही इथे कोण कशामुळे ओळखतं? ओळखपत्रावर कामाच्या जागी 'गृहिणी'. गेटवरच्या रजिस्टरात बारा नंबरवाल्या मॅडम. मंडळात मिसळवाल्या वहिनी. शाळेत असताना स्नेहसंमेलनात मी दासी झाले होते, "महाराज, दूत आला आहे" एवढंच वाक्य. तेव्हापासून तेच चाललंय म्हणा ना.

तात्यांचं बघणं मात्र विलक्षण. बाकावर बसून ते हात बघायचे. माणसं नाही, हात. कंपाउंड झाडणारा माणूस झाडू ठेवल्यावर तळवे मांडीला कसे पुसतो. अम्मा पदराचं टोक बोटाला कसं गुंडाळत राहतात. लेबनॉनचे आजोबा सिगारेट सोडूनही खिसा कसा चाचपतात. मी म्हटलं, "तात्या, असं टक लावून बघू नका, लोक रागावतील." ते म्हणाले, "मी चोरतोय. लहान रोल असला की तोंडाला काही देत नाहीत. मग हाताला काम द्यायचं. कंडक्टर झालो तेव्हा तिकीट फाडण्याआधी बोटाला थुंकी लावायचो. ती माझ्या काकांची होती. पाद्री झालो तेव्हा चष्मा पुसायचो, तो आमच्या गावच्या डॉक्टरांचा. माझं स्वतःचं काहीच नाही."

"माझं काय चोरलंत?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही फार भरभर करता सगळं. चोरायला सापडत नाही."

"घ्या! म्हणजे इथेही मी उपयोगाची नाही."

जानेवारीत एक दिवस ते आले ते काठी विसरून. खिशातून घडी घातलेले कागद काढले आणि मांडीवर ठेवून त्यावर हात ठेवून बसले. तिकडच्या एका मालिकेत रोल होता. अजून मिळाला नव्हता, विचारणा झाली होती.

"कसला रोल?"

"म्हातारा."

"ते तर तुम्ही काही न करताच आहात."

"पण त्याला नाव आहे," तात्या म्हणाले. "इग्नात्सी."

"नाव आहे की खोकल्याचं औषध?" मी चेष्टा केली, पण ते हसले नाहीत. मग त्यांनी सांगितलं. सिनेमाच्या शेवटी नावं येतात ना, कोणी कोणाचं काम केलं ती. तिथे त्यांच्यासमोर कधीच माणसाचं नाव आलं नाही. दुसरा पोलीस. रांगेतला माणूस. पेशंट. शवपेटीला खांदा देणारा. बायको दर वेळी शेवटपर्यंत थांबून ते वाचायची, आणि घरी जाताना एकच म्हणायची, "पुढच्या वेळी तुम्हाला बारशाला घेऊन जाऊ." आता पुढची वेळ आली होती आणि ती नव्हती. "हा नाही मिळाला तर दुसरा येणार नाही," तात्या म्हणाले. त्यात कुरकुर नव्हती. उद्या बस नाही, असं सांगावं तसं सांगितलं.

नियम असा की आता कोणी बोलावून परीक्षा घेत नाही. प्रसंग आपणच फोनवर चित्रित करून पाठवायचा. आणि समोरच्या माणसाची वाक्यं कोणीतरी वाचायची. इथेच सगळं अडलं होतं. तात्यांची बायको नाटकघरात प्रॉम्प्टर होती. रंगमंचाच्या पुढे खाली एक खोपटं असतं म्हणे, त्यात बसून ती नटांना वाक्यं पुरवायची. आणि घरी स्वयंपाकघरात, उभ्या आयुष्यात तात्यांनी जी काही कामं केली, त्या सगळ्यांत समोरच्याची वाक्यं तिनंच वाचली होती. बटाटे सोलता सोलता. ती कधी हिरो व्हायची, कधी दरोडेखोर. एवानं वाचून पाहिलं, पण ती शाळेतून थकून यायची आणि हजेरी घ्यावी तसं वाचायची. तात्यांची वाक्यं तिच्या हजेरीवर आपटून खाली पडायची. बापलेकीचं भांडण भिंतीपलीकडून मला ऐकू आलं. भाषा कळली नाही तरी भांडण कळतं.

दुसऱ्या दिवशी मीच म्हटलं, "मी वाचते."

"पोलिश?"

"देवनागरीत लिहून घेते की! काय बिघडलं?"

घेतलं लिहून. तात्या एकेक शब्द सांगत होते आणि मी शाळेतल्या शुद्धलेखनासारखी मान खाली घालून लिहीत होते. वाचलं तर तात्यांनी डोळे मिटून घेतले. "मादाम, तुम्ही साबण कुठे मिळतो विचारताय असं वाटतंय."

"मग अर्थ सांगा. मी माझ्या भाषेत बोलते."

प्रसंग साधा होता. इग्नात्सी म्हातारा, एकटा. त्याची सून येते आणि म्हणते, हे घर विका, आमच्याकडे या किंवा वृद्धाश्रमात जा. बोलता बोलता ती टेबल आवरते आणि त्याच्या गेलेल्या बायकोनं अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं खाली पडतं. तो ते उचलतो आणि परत टेबलावर ठेवतो. बस. सुनेची वाक्यं मी मराठीत म्हणायची ठरली. पहिलंच वाक्य होतं, "अहो, तुम्ही एकटे कसे राहणार इथे?"

ते म्हणताना माझा आवाज कसा झाला कोण जाणे. परत जायचा विषय तेव्हाच निघाला होता, दर शुक्रवारी लेकाकडून ऐकायचे ना मी ते वाक्य. तात्यांनी झटकन वर पाहिलं आणि पोलिशमध्ये उत्तर दिलं, आणि ते तंतोतंत बसलं. आम्ही चार-दोन दिवस तसंच करत राहिलो. मी मराठी, ते पोलिश. मल्याळी अम्मा चहा घेत बघत बसायच्या आणि एकदा तर त्यांनी पदर डोळ्यांना लावला. त्यांना दोन्हीतलं अक्षर कळत नव्हतं.

तात्यांना मात्र एक गोष्ट खुपत होती. "उचलतो आणि ठेवतो. मधे काय? मधे भोक आहे. तिथे हाताला काहीतरी पाहिजे."

"उचललं, ठेवलं, झालं. एवढं काय?"

"तुमचं झालं. त्याच्या बायकोचं अक्षर आहे त्यावर," तात्या म्हणाले. त्यांनी ते हातानं सरळ करून पाहिलं, फुंकर मारून पाहिलं, छातीशी धरून पाहिलं. छातीशी धरल्यावर मीच म्हटलं, "हे फार सिनेमातलं वाटतं." ते म्हणाले, "बरोबर," आणि सोडून दिलं.

आणि मग तो वाऱ्याचा दिवस. इथे हिवाळ्यात उत्तरेकडून शमाल सुटतो. आभाळ पिवळट होतं, दातांत रेती करकरते. आम्ही आपले तरी बसलो होतो, कारण दुसऱ्या दिवशी सुट्टी होती आणि एवा चित्रण करणार होती. तात्यांच्या हातातले कागद एकदम उडाले आणि बाकाखाली जाऊन पडले. ते काठी शोधत उठायला लागले, पण गुडघे कुठले चटकन वळायला! तोवर मी वाकले, सगळे कागद गोळा केले, रेती झटकली, आणि हाताला सवय असते तसे कपाळाला लावून त्यांच्यापुढे धरले.

तात्यांनी हात पुढे केला नाही. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तुम्ही उचललेत?"

"मग काय उडू देऊ?"

"पाय द्यायचा होता! आधी पाय द्यायचा असतो!"

मला वाटलं, वाऱ्यात मी भलतंच ऐकतेय. पण तसं नव्हतं. त्यांच्या नाटकवाल्यांत रीत आहे. संहितेचा कागद हातातून खाली पडला, तर उचलण्याआधी त्यावर पाय देऊन तो चांगला तुडवायचा. नाहीतर नाटक पडतं, रोल जातो. लहानथोर सगळे पाळतात.

"कागदावर पाय?" माझा आवाज चढला. "अहो, विद्या असते ती! आमच्याकडे चुकून पाय लागला तर नमस्कार करतो आम्ही."

"तुमच्याकडे नाटकं पडत नाहीत?"

"पडतात की. पण कागद तुडवला नाही म्हणून नाही पडत, वाईट असतात म्हणून पडतात!"

तात्यांनी कागद माझ्या हातातून घेतले, खाली टाकले आणि बुटानं तुडवले. एकदा, दोनदा. मी तोंड फिरवलं. खरंच बघवेना मला. पाटीवर पाय पडला म्हणून आईनं दिलेला धपाटा या वयातही पाठीला आठवतो. त्यांनी तुडवून झाल्यावर मी पुन्हा ते उचलले आणि पुन्हा कपाळाला लावले. म्हटलं, "तुमचंही झालं, माझंही झालं." पण ते खाली बसले आणि हळूच म्हणाले, "आता उपयोग नाही. पहिला हात मोजतात." अम्मांनी त्यांच्या पुढ्यात चहा ठेवला. तो त्यांनी घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी एवाच्या दिवाणखान्यात चित्रण झालं. मी पडद्यामागे, म्हणजे फोनच्या मागे, हातात अर्थाचा कागद. तात्यांनी काम सुरेख केलं. उचललं, तळव्यानं सुरकुती सारखी केली, ठेवलं. संपल्यावर आपणहून म्हणाले, "खलास." इथे शिकलेला तेवढाच एक अरबी शब्द. एवा म्हणाली, "पप्पा, यात बाई भलत्याच भाषेत बोलतेय. ते लोक काय म्हणतील?" तात्या म्हणाले, "म्हणतील, सून परदेशी आहे. पाठव."

फेब्रुवारी गेला. उत्तर नाही. मी रोज थर्मास घेऊन जायचे आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून समजायचे. ते मला काही बोलले नाहीत, हेच वाईट. चार शब्द रागानं बोलले असते तर मी दहा ऐकवले असते आणि मोकळी झाले असते. मार्चमध्ये ऊन चावायला लागलं, व्हिसा संपला, तात्यांची घडी झाली. गाडीत बसताना त्यांनी टोपी काढून मला झुकून नमस्कार केला. मी म्हटलं, "पुढच्या हिवाळ्यात या." ते म्हणाले, "इन्शाल्ला," म्हणजे आणखी एक शब्द शिकले होते तर. मी दार लावून घेतलं आणि पिठाच्या डब्याला टेकून उभी राहिले. एका म्हाताऱ्या माणसाला उभ्या आयुष्यात एक नाव मिळत होतं, आणि माझ्या हाताच्या सवयीनं ते गेलं, असं मनात बसलं ते बसलंच. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "काहीतरीच काय! असं कधी असतं का?" नसतं हो. मलाही कळतं की नसतं. पण उन्हाळाभर, पडदे ओढलेल्या त्या घरात, एसीच्या घरघरीत, मला ते पांढरं पडलेलं तोंड दिसत राहिलं. एवा भेटायची, पण विचारायची हिंमत होईना. कसे आहेत एवढंच विचारायचे. बरे आहेत, एवढंच ती सांगायची.

यंदा रजया निघाल्या, सगळ्यांचे आईवडील आले. अम्मा आल्या, लेबनॉनचे आजोबा आले. तात्या आले नाहीत. त्यांची बाकावरची जागा, तीच ती उजेडाची, रिकामी. मी थर्मास न्यायचंच बंद केलं. गुडघ्याचं निमित्त सांगितलं. मलमाचं नाव कोणाला विचारलं नाही.

मग गेल्या आठवड्यात एवानं दारावरची घंटा वाजवली. "संध्याकाळी घरी या," ती म्हणाली. "पप्पांनी सांगितलंय, पडद्यावर येईपर्यंत तुम्हाला काही सांगायचं नाही. आधी सांगितलं की बिघडतं म्हणे. ते यंदा आले नाहीत कारण त्यांचं शूटिंग चालू आहे."

मी दारात तशीच उभी राहिले. हाताला कणीक लागलेली. "म्हणजे... मिळाला?"

"केव्हाच! एप्रिलमध्येच."

अख्खा उन्हाळा! मी म्हटलं, "तुझा बाप म्हणजे अस्सल नाटक्या आहे," आणि ते मराठीतच म्हटलं, आणि रडायलाच लागले. एवा घाबरली बिचारी.

संध्याकाळी तिच्या सोफ्यावर बसून आम्ही तो भाग पाहिला. तेच टेबल, म्हणजे तसंच. सून आली, गोरीपान, टवटवीत, माझ्यापेक्षा कितीतरी देखणी. तिनं माझं वाक्य पोलिशमध्ये म्हटलं. मी मनात मराठीत म्हटलं. तात्या थकल्यासारखे बसले होते. तो अभिनय होता की नाही देव जाणे. तिनं टेबल आवरलं, शब्दकोडं खाली पडलं. तात्या खुर्चीचा हात धरून सावकाश वाकले, उचललं, झटकलं, आणि क्षणभर, अगदी भरभर, ते कपाळाला लावून टेबलावर ठेवलं.

एवा म्हणाली, "हे काय केलं त्यांनी? आमच्याकडे असं कोणी करत नाही. लोकांना काही कळायचं नाही."

शेवटी नावं आली, भराभर वर सरकणारी. एवानं बरोबर थांबवलं. ती लिपी मला येत नाही असं नाही, इंग्रजीसारखीच आहे. एकीकडे तात्यांचं नाव, आणि त्याच्यासमोर, इग्नात्सी. मी ते बोट लावून वाचलं.

रोल फार मोठा नाही, एवानं सांगितलं. काही भागांनंतर इग्नात्सी मरतो. तात्यांना त्याची चिंता नाही, मरायचा त्यांना चांगला सराव आहे.

घरी आले तर हे पिशवीतल्या भाज्या फ्रिजमध्ये कोंबत होते. दाराला धक्का लागला, चुंबक सटकलं आणि दोन्ही तिकिटं घसरून खाली पडली. हे वाकायला लागले. मी ओरडले, "थांबा! हात लावू नका!" आणि पुढे होऊन चपलेसकट त्या कागदांवर पाय दिला. चांगला दाबून. पाठीला आईचा धपाटा आठवला, तरी दिला.

हे कोथिंबिरीची जुडी हातात धरून बघतच राहिले. "अगं, वेड लागलं का? कागदाला पाय?"

"असू दे. तुम्हीपण द्या."

"पण कशाला?"

"नाशिकला आपलं नीट चालावं म्हणून. द्या म्हणते ना!"

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. कोथिंबीर ओट्यावर ठेवली, फ्रिजला हात टेकला, आणि आधी पायातली चप्पल काढून बाजूला ठेवली. मग अनवाणी पाय हलकेच तिकिटावर ठेवला.